डोळ्यांचे प्रश्न: आधी नळ, आधी डॉक्टर, की सकाळपर्यंत थांबलं तर चालेल?

या वेळची पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज चाळले तर बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, "डॉक्टर, हे रात्रीच दाखवायला हवं होतं का?" आणि जवळजवळ सगळेजण ते ठरवतात डोळा किती दुखतोय त्यावरून. तिथेच सगळा घोळ आहे. वेल्डिंगचा झगझगीत उजेड डोळ्याला लागलेला माणूस रात्रभर तळमळतो आणि दोन दिवसांत ठणठणीत होऊन कामावर जातो, आणि ज्याचा डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) सुटायला लागलाय त्याला काही म्हणजे काही दुखत नाही, तो म्हणतो रविवारी बघू. तर दुखण्यावर जाऊ नका, नजर बदलली का आणि डोळ्यात काय गेलं हे बघा. काही प्रश्न सविस्तर घेतलेत, काही एका ओळीत. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न: आमचा नातू साडेतीन वर्षांचा. आजोबांची चुन्याची पुडी हातात घेऊन दाबत बसला होता, ती फुटली आणि चुना थेट डोळ्यात. मी पदराने पुसलं, शेजारची म्हणाली दूध घाला, दूध घातलं, मग कोणी तूप सांगितलं. गाडी यायलाच पाऊण तास गेला. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी आम्हालाच झापलं की पाणी का नाही मारलं म्हणून. आम्हाला वाटलं पाण्याने चुना अजून उकळेल. आता डोळा बरा दिसतो, पण आम्ही करायचं काय होतं? (एक आजी, तासगाव तालुका)

उत्तर: आजी, ते झापले ते बरोबरच, पण तुमची पाण्याची भीतीही अगदीच हवेतली नव्हती. कळीचा चुना, म्हणजे भिंती रंगवायला आणतात ते कोरडे खडे, त्यावर पाणी पडलं की तो खरंच रटरटतो. तंबाखूत मळायचा चुना मात्र आधीच विरवलेला असतो, त्याचं जे काय उकळायचं ते पुडीत भरण्याआधीच होऊन गेलेलं असतं. म्हणून तो डोळ्यात गेला की पाणी, लगेच, जिथे असाल तिथे. (कोरडी कळीच उडाली असेल तर आधी चेहऱ्यावरची पापणीवरची पूड झटकून टाकायची आणि मग पाणी, आणि तेही भरपूर, चार थेंब नकोत.)

पोराला टॉवेलमध्ये हातासकट गुंडाळा, आडवं करा, ज्या डोळ्यात गेलंय ती बाजू खाली ठेवा म्हणजे तेच पाणी वाहून दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. एकाने धरायचं, दुसऱ्याने बोटांनी पापण्या उघड्या ठेवायच्या, कारण पोर डोळा घट्ट मिटून घेणारच आणि मिटलेल्या पापणीवर कितीही पाणी ओतलं तरी ते आत जात नाही, आणि मग तांब्याने किंवा नळाच्या बारीक धारेने नाकाकडून कानाकडे पाणी सोडत राहायचं, निदान अर्धा तास, घड्याळ बघून. पिण्याचं पाणी असलं तर उत्तम, नसेल तर बोअरचं, विहिरीचं, जे हाताशी आहे ते. बाटलीबंद पाणी आणायला कोणाला चौकात पिटाळू नका. पापणीच्या आत चुन्याची ढेकळं चिकटलेली दिसली तर ओल्या स्वच्छ कपड्याच्या टोकाने अलगद उचलायची. गाडी आली की गाडीतही बाटलीने धूत जायचं. गाडीची वाट बघण्यात गेलेला तो पाऊण तास हाच खरा इलाजाचा वेळ होता, दवाखान्यात आम्हीसुद्धा पहिलं काम तेच करतो, सलाइनची बाटली लावून धुतो, पापणी उलटी करून आतले कण काढतो आणि लिटमसच्या पट्टीने बघतो की चुन्याचा अंश राहिलाय का, राहिला असेल तर परत धुतो.

आता एवढी घाई कशाला, तर चुना, ओलं सिमेंट, कॉस्टिक सोडा ही सगळी अल्कली. पेशींच्या आवरणात चरबी असते, तिचा अक्षरशः साबण करून ती आत आत शिरत जातात. टॉयलेट क्लीनरमधलं अ‍ॅसिड बहुतेक वेळा वरच्या थरातली प्रथिनं गोठवतं आणि तो गोठलेला थरच त्याला थोडंफार अडवतो. म्हणून डोळ्याचे डॉक्टर अ‍ॅसिडपेक्षा चुन्याला जास्त घाबरतात, घरोघरी मात्र उलटं असतं, अ‍ॅसिडची बाटली कुलपात आणि चुना खिडकीत. दूध नको, तूप नको, आणि "अल्कली आहे ना मग लिंबू पिळू" असं तर मुळीच नको (हे करणारे चांगले शिकलेले लोक असतात बरं का, शाळेतली केमिस्ट्री नको तिथे आठवते).

अजून एक गोष्ट लोक हमखास उलटी समजतात. चुना गेल्यावर डोळा लालभडक असेल तर घाबरतात आणि बुबुळाच्या कडेने पांढराफटक पडला की "लाली उतरली" म्हणून निश्चिंत होतात. पांढरा पडणं जास्त वाईट, तिथल्या रक्तवाहिन्याच जळल्यात असा त्याचा अर्थ. बुबुळाच्या कडेला मूळपेशी असतात, त्या बुबुळावरचा पातळ थर आयुष्यभर नवा नवा करत राहतात, त्याच गेल्या की बुबुळ हळूहळू धूसर होतं. त्यावरही इलाज निघालाय, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटचे डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 साली एक पद्धत प्रसिद्ध केली, चांगल्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आणखी बारीक तुकडे करायचे आणि जळलेल्या डोळ्यावर पसरून बसवायचे, तिथे ते वाढतात. काम मोठं आहे, पण नळाचं पाणी वेळेवर मिळालं तर बऱ्याच जणांवर ती वेळ येणार नाही.

नातवाच्या पुढच्या तारखा चुकवू नका, डोळ्यातलं प्रेशर आणि पापणी आतून चिकटतेय का हे बघावं लागतं. आणि आजोबांची पुडी फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात.

प्रश्न: ऊस तोडताना पात डोळ्याला लागलं. दुसऱ्या दिवशी लाल झाला म्हणून मेडिकलमधून थेंब आणले, दोन दिवस एकदम भारी वाटलं, मग बुबुळावर पांढरा ठिपका आला आणि आता धुरकट दिसतंय. थेंब संपलेत, परत तेच आणू का? (बीड, सध्या कोल्हापूरकडे तोडीवर)

उत्तर: अजिबात नाही. हे छापून येईस्तोवर थांबण्यासारखं नव्हतं म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, इथे बाकीच्या टोळ्यांसाठी लिहिते.

उसाचं पात, भाताचं कुसळ, मळणीचा भुसा, झाडाची काडी, यांनी बुबुळावर ओरखडा आला की त्यातून बुरशी आत जाऊ शकते. बुरशीचं लक्षण हे की ती सावकाश वाढते, पहिले दोन-चार दिवस फार काही वाटत नाही. आणि मेडिकलवाल्याने जे थेंब दिले त्यात बहुधा स्टेरॉइड असणार. स्टेरॉइडने लाली आणि ठणका उतरतो म्हणून पेशंट खूश, पण शरीर बुरशीशी जी झुंज देत असतं तीच तो दाबून टाकतो, आणि बुरशीला मोकळं रान. "दोन दिवस भारी वाटलं" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. गावाकडे म्हणतात ना डोळ्यात फूल पडलं, त्यातली कितीतरी फुलं अशीच पडलेली असतात.

बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा, नाहीतर पोराकडून वाचून घ्या. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यातलं काही असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय डोळ्यात घालायचं नाही, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. तुम्हाला डोळ्याचा डॉक्टर बघणार, जखमेवरून थोडं खरवडून काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बुरशी आहे का जंतू ते बघणार आणि त्याप्रमाणे औषध, बुरशी निघाली तर नॅटामायसिनचे थेंब, सुरुवातीला तासातासाला, आणि पुढे कित्येक आठवडे. बरं वाटलं म्हणून मध्येच तोडीवर परत जायचं नाही, मला माहितीय उचल घेतलेली असते आणि मुकादम मागे लागतो, पण डोळा गेला तर कोयता कोण चालवणार हेही त्यालाच विचारा.

आणि हे सगळं टाळता येतं ते पहिल्याच दिवशी. नेपाळमध्ये भक्तपूरला गावातल्या आरोग्यसेवकांनी असा ओरखडा आलेल्या लोकांना क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम दिलं, दिवसातून तीनदा, तीन दिवस. 2001 मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध झाले, ज्यांना अठरा तासांच्या आत मलम मिळालं त्यांच्यातल्या एकाचाही ओरखडा चिघळला नाही. महागडं मशीन नाही, मोठा डॉक्टर नाही. म्हणजे लागलं त्या दिवशी संध्याकाळी जवळच्या आरोग्य केंद्रात जायचं आणि "डोळ्याला पात लागलंय" हे शब्द वापरूनच सांगायचं. नुसतं "डोळा लाल झालाय" म्हणालात तर डोळे आल्याचं औषध मिळेल.

प्रश्न: आईला (वय 63) संध्याकाळी अर्धं डोकं प्रचंड दुखायला लागलं, उलट्या झाल्या. तिला पित्ताचा त्रास जुना, म्हणून पित्ताची गोळी दिली, मग अर्धशिशीची. रात्रभर तेच. सकाळी म्हणाली उजव्या डोळ्याने धूर दिसतोय. दवाखान्यात सांगितलं काचबिंदूचा अ‍ॅटॅक. पण काचबिंदू तर न दुखता हळूहळू नजर खातो असं तुम्हीच याच पानावर लिहिलेलं. मग हा कुठला? (नाशिक)

उत्तर: लिहिलेलं खरं आहे, तो काचबिंदूचा नेहमीचा प्रकार. हा दुसरा. डोळ्यात एक पाणी सतत तयार होत असतं आणि बुबुळाच्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून बाहेर जात असतं. काहींच्या डोळ्यात हा कोपरा मुळातच अरुंद असतो, प्लसचा नंबर असलेल्यांच्यात, बायकांच्यात, आणि वय वाढेल तसा जास्त, कारण आतली लेन्स जाड होत जाते. एखाद्या संध्याकाळी अंधुक उजेडात बाहुली मोठी होते, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा त्या कोपऱ्यावर येऊन बसतो आणि मोरीची जाळी तुंबावी तसं पाणी आत साठायला लागतं. एरवी डोळ्याचं प्रेशर 10 ते 21 च्या दरम्यान असतं, ते काही तासांत 50-60 वर जातं. म्हणून ते असह्य दुखणं, म्हणून उलट्या. आणि उलट्या दिसल्या की आपल्याकडे सगळे पित्तावर येऊन थांबतात, घरचे पण आणि कधीकधी कॅज्युअल्टीतला दमलेला डॉक्टर पण.

ओळखायचं कसं? डोकेदुखी आणि उलट्या असलेल्या माणसाचा डोळा बघा, टॉर्च लावून, एवढंच. एक डोळा लाल आहे का, बुबुळ वाफ धरल्यासारखं दिसतंय का, त्या बाजूची बाहुली दुसरीपेक्षा मोठी आणि टॉर्चला न हलणारी आहे का. मग एकेक डोळा झाकून समोरचं कॅलेंडर वाचायला सांगा. आणि विचारा, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती का. यातलं काही असेल तर गोळ्या नकोत, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. डोळा दाबून कडक आहे का वगैरे बघू नका, ते आम्ही बघतो.

आईचं प्रेशर आता औषधांनी उतरवलं असेल, डायमॉक्सच्या गोळ्या, सलाइनमधून मॅनिटॉल. पुढे लेसरने त्या रंगीत पडद्याला एक बारीक भोक पाडतात म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळते. आणि ते दोन्ही डोळ्यांना करून घ्या, चांगल्या डोळ्याला पण, कारण कोपरा दोन्हीकडे तसाच अरुंद असतो. इथे लोक नको म्हणतात, "त्या डोळ्याला काय झालंय?" अजून झालं नाहीये, म्हणूनच करायचं. तुमच्या मावशांना आणि तुम्हाला स्वतःला पण कोपरा तपासून घ्यायला सांगते, हे घराण्यात चालतं. आणि ज्यांना कोपरा अरुंद आहे असं सांगितलंय पण लेसर झालं नाहीये त्यांनी सर्दीच्या आणि डिप्रेशनच्या गोळ्या घेण्याआधी डॉक्टरला ते सांगायचं, यातल्या काही गोळ्या बाहुली मोठी करतात.

प्रश्न: वय 44, आयटीत आहे, मायनस साडेसातचा नंबर. चार दिवसांपासून डोळ्यासमोर काळे ठिपके, आणि अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं. दुखत काहीच नाही, नजर पण नीट आहे. कंपनीत सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, ते संपल्यावर पुढच्या आठवड्यात दाखवतो, चालेल ना? (पुणे)

उत्तर: नाही चालणार. आज किंवा उद्या, आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका, बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास नीट दिसत नाही, कोणाला तरी सोबत घ्या.

वयाप्रमाणे डोळ्यातली जेली आकसते आणि मागच्या पडद्यापासून सुटते, बहुतेकांचं ते सरळ होतं आणि ठिपके नंतर सवयीचे होतात. पण सुटताना पडद्याला ओढ बसते (ती वीज म्हणजे हीच ओढ, पडद्याला प्रकाश सोडून दुसरी भाषाच येत नाही), आणि मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात पडदा आधीच ताणलेला पातळ असतो, तो फाटू शकतो. नुसतं भोक असेल तोवर लेसरने त्याच्या भोवती शिवण घालता येते, ओपीडीत, त्याच दिवशी घरी. त्या भोकातून पाणी आत गेलं की पडदा सुटायला लागतो, मग एका बाजूने सावली किंवा काळा पडदा सरकत येतोय असं दिसतं, आणि मग ऑपरेशन. ती सावली मधोमध पोचायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर बरीचशी वाचते, मध्यभाग सुटून गेल्यावर केलं तर पडदा बसतो पण नजर पूर्ण परत येईलच असं नाही. सावली दिसायला लागली तर त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरकडे, रिलीज असो नाहीतर लग्न असो. ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय किंवा ज्यांना क्रिकेटचा बॉल डोळ्यावर बसलाय त्यांनाही हेच लागू.

ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅसचा फुगा सोडला असेल तर तो विरेपर्यंत विमानप्रवास बंद, उंचीवर फुगा पसरतो आणि प्रेशर वाढतं. अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्यांनी तिकीट काढायच्या आधी हे विचारून घ्या.

प्रश्न: मिस्टरांना (वय 58, बीपी, शुगर) परवा जेवताना एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, दहा मिनिटांनी आपोआप आलं. आता ठीक आहेत, ऑफिसला पण गेले. चष्म्याचा नंबर वाढला असेल का? (ठाणे)

उत्तर: वहिनी, चष्म्याचा नंबर असा जेवताना वाढत नाही. त्यांना ऑफिसमधून बोलवून घ्या आणि आधी मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या, जिथे फिजिशियन, न्यूरोलॉजिस्ट आणि स्कॅनची सोय आहे, डोळ्याचा दवाखाना त्यानंतर. मानेतल्या रक्तवाहिनीतून किंवा हृदयातून एखादी बारीक गुठळी डोळ्याच्या रक्तवाहिनीत येऊन अडकली आणि सुदैवाने पुढे गेली असं असू शकतं. पुढची गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायू. "आपोआप बरं झालं" यात सुटकेचं काही नाही, तो इशारा आहे. ईसीजी, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, शुगर, कोलेस्टेरॉल, सगळं होऊ दे.

आणि कोणाचं दिसणं अचानक गेलं, दुखत नाही, आणि परत आलंच नाही, तर ते स्ट्रोकच समजायचं आणि 108 ला फोन करायचा. यात खेळ मिनिटांचा असतो. सोबत तोंड वाकडं होणं, हात जड पडणं असेल तर बोलायलाच नको.

प्रश्न: दिवाळीत फटाका डोळ्याला लागला तर पहिल्यांदा काय करायचं? सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचंय, छोटं लिहा. (डोंबिवली)

उत्तर: छोटं लिहिते. डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. नुसती दारू किंवा राख उडाली असेल तर पाण्याने धुवायचा. पण डोळा चिरलाय, आतून काही बाहेर आल्यासारखं दिसतंय, बाहुली वेडीवाकडी झालीय, काहीतरी घुसलंय, यातलं काही असेल तर धुवायचा नाही, घुसलेलं काढायचं नाही, थेंब-मलम काही नाही. चहाचा कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टीने कपाळाला आणि गालाला चिकटवायचा म्हणजे डोळ्याला कशाचा स्पर्श होणार नाही, कप टेकवायचा हाडावर, डोळ्यावर नाही. मुलाला खायला-प्यायला काही द्यायचं नाही कारण भूल द्यावी लागेल, फराळाचं ताट समोर असतं आणि रडतंय म्हणून आजी एक लाडू देते आणि ऑपरेशन काही तास पुढे जातं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आठवून ठेवा.

चिरलेला दिसत नाही पण मार लागलाय, बुबुळासमोर खाली रक्ताची रेघ साठलेली दिसते, तरी त्याच रात्री दाखवायचं. तोवर बसवून ठेवा, झोपवलंच तर उशी उंच, आणि अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन देऊ नका, रक्त वाढतं.

ग्रुपवर एवढंच टाका पण खाली हेही जोडा की लागतं ते नेहमी लावणाऱ्यालाच असं नाही, गॅलरीत आणि बाजूला उभं राहून बघणाऱ्या मुलांनाही लागतं. आणि न उडालेला सुतळी बॉम्ब बघायला वाकणारे असतात पस्तिशीचे बाबालोक.

प्रश्न: शनिवारी मारुतीसाठी रुईची माळ करताना चीक डोळ्यात उडाला. जरासुद्धा आग झाली नाही म्हणून सोडून दिलं, पण दुसऱ्या दिवसापासून धुक्यातून बघितल्यासारखं दिसतंय. (परभणी)

उत्तर: रुईचा चीक फसवा असतो. त्याने डोळा बधिर होतो त्यामुळे दुखत नाही, पण तो बुबुळाच्या अगदी आतल्या थरापर्यंत जातो आणि बुबुळाला सूज येते, ते धुकं म्हणजे ती सूज. वेळेत दाखवलं तर बहुतेकांचं औषधांनी बरं होतं, इथे स्टेरॉइडचे थेंब लागतात पण ते डॉक्टरने तपासून दिलेले. आजच जा, आणि "रुईचा चीक" असं स्पष्ट सांगा, शहरातल्या नव्या डॉक्टरला माळ कसली ते कळायचं नाही. पुढच्या वेळी पानं तोडून देठ थोडे सुकू द्या, डोळ्याला हात लावू नका, उडालाच तर चुन्यासारखंच, लगेच पाणी.

प्रश्न: मी आशा कार्यकर्ती आहे. वस्तीवर डोळ्यातला कचरा जिभेने काढणारी एक म्हातारी आहे, तिच्याकडे लांबून लोक येतात आणि त्यांना बरंही वाटतं. मी नको म्हटलं की मलाच वेड्यात काढतात. काय सांगू? (नंदुरबार जिल्हा)

उत्तर: बरं वाटतं हे खोटं नाहीये, पापणीखाली नुसता अडकलेला कण ती खरंच काढत असेल. पण तोंडात जेवढे जंतू असतात तेवढे क्वचितच कुठे असतील आणि बुबुळावर ओरखडा असेल तर ते थेट आत. म्हातारीशी भांडू नका, हरलात तर वस्ती तुमच्यावर हसेल. तिलाच सोबत घ्या, सांगा की आधी तांब्याभर स्वच्छ पाण्यात डोळा उघडझाप करायला लाव, वरची पापणी खालच्या पापणीवर ओढून सोडायला लाव, बरेच कण तिथेच निघतात. नाही निघाला, किंवा निघूनही दुसऱ्या दिवशी टोचतंय, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका, तर "हा माझ्या हातातला नाही, ताईकडे जा" असं तिने म्हणायचं. ती म्हणाली तर लोक ऐकतील. आणि छिन्नी-हातोडा मारताना काही उडालं असेल तर कण दिसत नसला तरी पाठवायचंच, लोखंडाचा कण इतक्या वेगाने आत जातो की बाहेर जखम पण दिसत नाही. अशा माणसाचा एमआरआय करायचा नाही हे चिठ्ठीवर लिहा, चुंबकाने कण आत हलतो.

थोडक्यात

चाकण: वेल्डिंग लागलं तर बटाट्याच्या चकत्यांनी थंड वाटतं, बरं होत नाही, ते आपोआपच होतं एक-दोन दिवसांत. दुखणं सहा-बारा तासांनी, मध्यरात्री सुरू होतं. बधिर करणारे थेंब मित्राकडून आणून परत परत घालू नका, त्याने बुबुळ विरघळू शकतं. दोन दिवसांनंतरही दुखत असेल तर कण असू शकतो, दाखवा.

सोलापूर: शिंकल्यावर पांढऱ्या भागात रक्ताचा लाल डाग, दुखत नाही, नजर साफ. दिसतं भयानक पण काही नाही, एक-दोन आठवड्यांत जाईल. बीपी मोजून घ्या, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

सातारा: मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस, कालपर्यंत छान, आज दुखतंय आणि कमी दिसतंय. हा अंक खाली ठेवा आणि सर्जनला फोन करा. डोळ्यात इन्फेक्शन झालं असेल तर ते सोमवारची वाट बघत नाही.

वाशीम: फवारणीचं औषध उडालं तर चुन्यासारखंच अर्धा तास पाणी, कपडे बदला, डब्यावरचं लेबल सोबत न्या. माणसाला घाम, लाळ, धाप, उलट्या असतील आणि बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असतील तर डोळ्याचा डॉक्टर नको, सरळ जिल्हा रुग्णालय. यवतमाळला 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले ते सगळ्यांना आठवत असेल.

अकोला: डोळे आलेत, चिकटतात, पण नजर चांगली. घाई नाही. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीला आणि राज्यभर साथ आली तेव्हाही बहुतेकांचे आपोआप बरे झाले. उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसायला लागलं तर मात्र दाखवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर लाल डोळ्याला "डोळे आले" म्हणूच नका, लेन्स काढा, फेकू नका, डबीसकट डॉक्टरकडे न्या.

मिरज: पोराच्या फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी येते. फोटो खराब म्हणून सोडू नका, या आठवड्यातच दाखवा, लहान मुलांच्या पडद्याच्या कॅन्सरचं ते पहिलं लक्षण असू शकतं. नसेलही, पण बघायला हवं.

रत्नागिरी: थेंबाची बाटली समजून फेविक्विक घातलं, पापण्या चिकटल्या. ओढू नका, कात्री तर नकोच, अ‍ॅसिटोन अजिबात नको. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवत राहा आणि डॉक्टरकडे जा, ते वरच्या पापणीचे केस कापून सोडवतील, उरलेलं काही दिवसांत सुटून येतं. थेंबांच्या बाटल्या औषधाच्या डब्यात ठेवा आणि ग्लू हत्यारांच्या.